धुराचे बिल कोणाच्या माथी?



जहाज कंपन्यांच्या नफ्या-तोट्याशी आपला काय संबंध, असे कोणीही विचारील. आपल्यापैकी कोणाच्या मालकीचे जहाज नाही. दापोली तालुक्यातल्या आमच्या मुरुडला, कर्द्याला, हर्णैला राहणाऱ्या माणसाला समुद्र रोज दिसतो, पण त्यावरून जाणारी मोठी जहाजे कोणाची, कुठे चालली, याची चौकशी आपण करीत नाही. तरीही आज हा विषय घेतला आहे. कारण जगातल्या जहाजांवर सध्या एक नवा खर्च बसू लागला आहे, आणि कोणताही मोठा खर्च शेवटी खाली झिरपत कष्टकऱ्याच्या घरापर्यंत येतो. तो आपल्या दारात येण्यापूर्वी त्याचा हिशोब समजून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

जगातला ऐंशी टक्क्यांहून अधिक माल समुद्रावरून जातो. ही सारी जहाजे बहुतांशी खनिज तेलावर चालतात. एक टन जड तेल जाळले की तीन टनांहून थोडा अधिक कार्बन वायू हवेत जातो. जगात माणसाच्या हातून हवा तापवणारे जे वायू बाहेर पडतात, त्यात जहाजांचा वाटा जवळजवळ तीन टक्के आहे. हा धूर कमी करायचा, असे जगाने ठरवले. लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटना म्हणून संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे. तिने जुलै २०२३ मध्ये धोरण ठरवले की २००८ च्या तुलनेत २०३० पर्यंत निदान वीस टक्के आणि २०४० पर्यंत निदान सत्तर टक्के कपात करायची, आणि २०५० च्या सुमारास हा धूर निव्वळ शून्यावर आणायचा.

ठराव केला म्हणजे काम होत नाही, हे आपल्याला पंचायतीपासून संसदेपर्यंतचा अनुभव सांगतो. म्हणून दंडाची भाषा आली. युरोपने आधी सुरुवात केली. १ जानेवारी २०२४ पासून युरोपच्या बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना धुराची किंमत मोजावी लागते. २०२४ च्या धुरापैकी चाळीस टक्क्यांवर, २०२५ च्या सत्तर टक्क्यांवर आणि २०२६ पासून पूर्ण शंभर टक्क्यांवर. जहाज युरोपबाहेरून आले असेल तर त्या प्रवासाचा निम्मा धूर मोजला जातो. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून जहाजाचे इंधन हळूहळू स्वच्छ करण्याचा दुसरा नियमही युरोपने लागू केला आहे.

साऱ्या जगासाठी अशीच व्यवस्था असावी म्हणून एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या संघटनेत मतदान झाले. ६३ देश बाजूने आणि १६ विरोधात होते. भारताने बाजूने मत दिले. ५,००० टनेजहून मोठ्या जहाजांनी ठरलेली मर्यादा ओलांडली तर जादा धुराच्या दर टनाला १०० डॉलर, आणि फारच मागे राहिली तर ३८० डॉलर भरावेत, अशी ती योजना. हा पैसा एका निधीत जमा व्हायचा होता. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्ये अंतिम मंजुरीच्या वेळी अमेरिका, सौदी अरेबिया वगैरे देशांनी जोरदार विरोध केला आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णय एक वर्षासाठी पुढे ढकलण्यात आला. म्हणजे युरोपचे बिल लागू झाले आणि जगाचे बिल लांबणीवर पडले. या घोळात कंपन्या पेचात सापडल्या. जहाज पंचवीस वर्षे चालते. आज नवे जहाज बांधायचे तर ते कोणत्या इंधनावर चालणारे बांधावे, याचे उत्तर कोणाकडेच नाही.

आता कंपनीवर नेमका किती बोजा पडतो, याचा हिशोब मांडू. मी वाणिज्य शाखेचा, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय मला बरे वाटत नाही. समजा, न्हावा-शेवाहून एक मालजहाज युरोपला वीस दिवसांत जाते आणि दिवसाला ८० टन तेल जाळते. एकूण तेल झाले १,६०० टन. त्यातून धूर निघाला सुमारे ४,९८० टन. त्यातला निम्मा मोजायचा, म्हणजे २,४९० टन. धुराचा दर बाजारात रोज बदलतो. हिशोबापुरता टनाला ७० युरो आणि एक युरो शंभर रुपये धरू. बिल झाले सुमारे एक कोटी चौऱ्याहत्तर लाख रुपये. एका खेपेचे!

आकडा ऐकून छाती दडपते. परंतु त्या जहाजावर ५,००० कंटेनर आहेत असे धरा. एका कंटेनरच्या वाट्याला साडेतीन हजार रुपयांच्या आत येतात. कंटेनरमध्ये चौदा टन माल असेल, तर किलोमागे पंचवीस पैसे. चार आणे! मोठ्या कंपन्यांनी हे गणित केव्हाच केले. जानेवारी २०२४ पासूनच त्यांनी ‘धुराचा अधिभार’ म्हणून वेगळी रक्कम भाड्यात लावून गिऱ्हाइकाकडून वसूल करायला सुरुवात केली. म्हणजे बिल कंपनीच्या नावाने फाटते, पैसे मात्र दुसऱ्याच्या खिशातून जातात.

हा दुसरा कोण? युरोपातला बडा दुकानदार बळकट असतो. तो म्हणतो, मला ठरल्या भावातच माल पाहिजे. मग इकडचा निर्यातदार ते चार आणे खाली ढकलतो. खाली कोण असतो? कोळंबी सोलणारी बाई, आंब्याचा गर काढणाऱ्या कारखान्यातला रोजंदार, माकुल पकडणाऱ्या होडीवरचा खलाशी. चार आण्यांनी जहाज कंपनी बुडत नाही. पण जिची मजुरीच किलोवर मोजली जाते, तिच्या हिशोबात चार आण्यांनी फरक पडतो.

सगळ्या कंपन्या एकाच मापाच्या नसतात, हेही खरे. शेकडो जहाजांची कंपनी नव्या इंधनाची जहाजे मागवू शकते. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीने २०२३ पासून मिथेनॉलवर चालू शकणारी मालजहाजे पाण्यात उतरवली. ज्याच्याकडे दोन-चार जुनी जहाजे आहेत, त्या मालकाला बँक कर्ज देताना दहा वेळा विचार करते. त्याने एकतर वेग कमी करून तेल वाचवायचे किंवा जहाज विकायचे. आणि ज्या कंपन्या कोळसा आणि तेलच वाहून नेतात त्यांची पंचाईत दुहेरी आहे. समुद्रावरून जाणाऱ्या मालाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कोळसा, तेल आणि वायू हाच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या जयगड बंदरातही कोळशाची जहाजे लागतात. उद्या जगाने कोळसा जाळणे कमी केले, तर इंधन महाग आणि मालही कमी, अशी त्यांची स्थिती होईल. तेव्हा हात कोणाचे रिकामे होतील, हे सांगायला नको.

कोकणाने इंधनबदल पूर्वीही पाहिला आहे. मुंबईला जाणाऱ्या बोटीला आपले आजे-पणजे ‘आगबोट’ म्हणत. शिडाच्या जहाजानंतर कोळशाची आग पोटात घेऊन चालणारी बोट आली, म्हणून ती आगबोट. हर्णैला बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसे तिच्यापर्यंत जात. तिच्या तळाशी, भट्टीपुढे उघड्या अंगाने कोळसा लोटणारा जो माणूस, त्याला जहाजी भाषेत ‘आगवाला’ म्हणत. विसाव्या शतकात जहाजे कोळशावरून तेलावर गेली. कंपन्यांचा खर्च वाचला, जागा वाचली, वेग वाढला. आगवाल्याची मात्र गरज संपली. इंजिनाच्या खोलीत नवी नोकरी निघाली ती यंत्र शिकलेल्या माणसाची. जो तीस वर्षे भट्टीपुढे भाजला, त्याला कोणी यंत्र शिकवले नाही.

पुढे कंटेनर आले. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाचे काम क्रेन करू लागली. १९८९ साली न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि मुंबईच्या जुन्या गोदीचे काम ओसरत गेले. १९४८ च्या कायद्याने गोदी कामगाराला हक्क आणि नियमित काम मिळाले होते. त्या कायद्याखाली झालेले मुंबईचे गोदी कामगार मंडळही १९९४ मध्ये पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले. गोदी, रेल्वे, गिरणी आणि नगरपालिका या चार ठिकाणी आपल्या मागच्या पिढ्यांनी हाडे झिजवली. काळ बदलला की त्याचे पहिले बिल त्यांच्याच नावाने फाटले.

गिरणीतली एक गोष्ट नव्या पिढीला सांगितलीच पाहिजे. विणकाम खात्यात पगार जास्त होता. पण तिथे कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याला विटाळ होतो म्हणून आपल्या माणसांना त्या खात्यात घेत नसत. कमी पगाराच्या खात्यात मात्र चालत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. कामगारांच्या एकीची भाषा करता, मग विणकाम खात्याचे दार आमच्यासाठी बंद का? चांगल्या कामाच्या दारावर कोण उभा आहे आणि तो कोणाला आत सोडतो, हे पाहायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. आजच्या दारावर विटाळाची पाटी नसते, फीची असते.

जहाजावरचे नवे दार कोणते ते पाहू. नवी इंधने म्हणून द्रवरूप नैसर्गिक वायू, मिथेनॉल, अमोनिया आणि हायड्रोजन यांची नावे घेतली जातात. वायू अतिशय थंड ठेवावा लागतो. त्यातून जळाल्याविना निसटणारा मिथेन हवेला कार्बनपेक्षाही जास्त तापवतो. मिथेनॉलची ज्योत उजेडात डोळ्यांना जेमतेम दिसते. अमोनिया तर विषारी आहे. इंजिनाच्या खोलीत नळी फुटली तर मालक लंडनला किंवा मुंबईला कचेरीत असतो, खोलीत असतो तो खलाशी. तेव्हा प्रशिक्षण हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. वायूसारख्या इंधनावर चालणाऱ्या जहाजांसाठी सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम १ जानेवारी २०१७ पासून लागू आहेत, आणि अशा जहाजावर जाणाऱ्याला त्याचे वेगळे प्रमाणपत्र लागते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की २०३५ च्या आसपासपर्यंत जगातल्या आठ लाखांपर्यंत खलाशांना नव्या इंधनाचे शिक्षण द्यावे लागेल. जहाजांवर काम करणारे भारतीय अडीच लाखांहून अधिक आहेत. म्हणजे या आठ लाखांत आपल्या देशाची, आपल्या किनाऱ्याची मुले मोठ्या संख्येने असणार.

या शिक्षणाची फी कोण भरणार? कंपनी, सरकार, की कर्ज काढून खलाशाचा बाप? माझ्या मते या सगळ्या विषयातला आपला प्रश्न हाच आहे. लंडनच्या योजनेतल्या निधीतून मागास देशांना मदत आणि खलाशांचे प्रशिक्षण यांवर खर्च करण्याची तरतूद मांडली होती. योजना लांबली म्हणजे तो पैसाही लांबला. इंजिने मात्र बदलत आहेत. आगवाल्याचे जे झाले तेच पुन्हा होऊ द्यायचे का?

बाबासाहेब अर्थशास्त्री होते, हे आपण जयंतीला भाषणात म्हणतो आणि पुढे जातो. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा हिशोब तपासला. कंपनीचे उत्पन्न जमीन, मीठ, अफू अशा कशाकशातून येते आणि खर्च कशावर होतो, हे त्यांनी मांडले. कोणाकडून घेतले आणि कोणावर खर्चले, ही तपासणीची रीत त्यांनी घालून दिली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदांचे काम त्यांनी चालवले. धुराच्या नियमांच्या टेबलाशीही ती तिसरी खुर्ची पाहिजे. सरकार आणि कंपनी यांनीच बसून ठरवले, तर बिल कोणाकडे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

महागड्या इंधनाचा धडा शोधायला फार लांब जायला नको. वाशिष्ठीच्या पलीकडे, अंजनवेलला एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. नाफ्त्यावरची ती वीज इतकी महाग पडली की वीज मंडळाला परवडेना, आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. मोठ्या अमेरिकन कंपनीने केलेल्या कराराचा बोजा इथल्या सरकारी मंडळाच्या अंगावर आला. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांना पुढे करून तो प्रकल्प सावरावा लागला. त्याच जागी २०१३ पासून परदेशातून वायूची जहाजे येऊ लागली. म्हणून कोणी ‘स्वच्छ इंधन’ असा शब्द उच्चारला की आपण लगेच टाळी वाजवू नये. भाव काय, करार किती वर्षांचा आणि नुकसान झाले तर कोणाचे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

लहान बोटींचे काय? दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून चालू आहे. तिच्यामुळे दापोली-गुहागरचा किती तरी तासांचा फेरा वाचला. अशा बोटींना लंडनचा नियम लागू नाही, तो ५,००० टनेजच्या पुढचा. पण आज ना उद्या बॅटरीच्या बोटींचा विषय निघणारच. केरळात कोचीला एप्रिल २०२३ पासून बॅटरीवर चालणाऱ्या प्रवासी बोटी सुरू झाल्या. त्या कोचीच्याच गोदीत बांधल्या. अशा बोटीला आरंभीचा खर्च जास्त आणि रोजचा डिझेलचा खर्च नाही. आरंभीचा खर्च सरकारने उचलला, तर तिकीट वाढणार नाही. तो लहान कंपनीवर सोडला, तर रोज खाडी ओलांडणाऱ्या विद्यार्थ्याच्या आणि मासळीवालीच्या तिकिटातून तो निघेल.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग हा धूर कमी करण्याचा खटाटोप हवाच कशाला? असे म्हणून चालणार नाही. धुराचे एक बिल आपण आधीच भरले आहे. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आठवा. दापोली-मंडणगडात घरांवर कौल राहिले नाही, पत्रे पाखरासारखे उडाले, माड-पोफळी आडव्या झाल्या. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच मंडणगड तालुक्यातले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. समुद्र तापला की वादळांना बळ मिळते, पाऊस एका दिवसात कोसळतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. वादळ जात विचारीत नाही म्हणतात. पण स्लॅबच्या घराचे आणि पत्र्याच्या घराचे नुकसान सारखे होत नाही. धूर कमी व्हायलाच हवा. त्याची किंमत ज्याने धुरावर नफा कमावला त्याने मोजावी, एवढेच आपले म्हणणे.

आता घरात करण्यासारखे काय, ते सांगतो. आपल्या वाड्यांमधली अनेक मुले बारावी किंवा आय.टी.आय. झाली की जहाजावर जाण्याची स्वप्ने पाहतात. चांगली गोष्ट आहे. पण दलालाच्या हाती पैसे देऊ नका. खलाशी भरती करणाऱ्या कंपनीकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. तो संकेतस्थळावर पाहता येतो. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे नियमाविरुद्ध आहे. पासपोर्ट, सी.डी.सी. आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च तेवढा आपला. प्रशिक्षण संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही, हे फी भरण्याआधी तपासा. घरातले दागिने गहाण टाकल्यावर तपासून उपयोग नाही.

ज्यांचे गणित-विज्ञान चांगले आहे त्यांनी इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा द्यावी. २००८ साली स्थापन झालेले हे केंद्रीय विद्यापीठ आहे, तिथे अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांनाही त्या सवलती मिळतात. म्हणून जातीचा दाखला आणि पडताळणी दहावी-बारावीतच करून ठेवा. खाजगी आणि परदेशी जहाजावर आरक्षण नाही. तिथे हातातले प्रमाणपत्रच बोलते. आणि हे मुलांपुरतेच समजू नका. मुलीही आज जहाजावर अधिकारी होत आहेत.

जे आधीच जहाजावर आहेत त्यांनी सुट्टीवर आल्यावर कंपनीला आणि युनियनला एक प्रश्न लेखी विचारावा: नव्या इंधनाचे प्रशिक्षण केव्हा देणार आणि त्याचा खर्च कोण करणार? गावशाखा आणि मुंबई शाखांनी वर्षातून एक दिवस विहारात अशा तरुणांना बोलवावे. त्यांनी लहानांना सांगावे की इंजिनाची खोली कशी असते, कोणता कोर्स खरा आणि कोणता फसवा. जयंतीच्या वर्गणीतून दोन मुलांची परीक्षा फी भरली, तर मिरवणूक काही लहान होणार नाही.

आगवाल्याला कोणी आधी सांगितले नव्हते की भट्टी विझणार आहे. आपल्या मुलांना ते आज ठाऊक आहे. तेव्हा त्यांनी दाराशी हात पसरून उभे राहू नये, प्रमाणपत्र हातात घेऊन आत जावे.

जयभीम!